आईची स्टेरॉइडची गोळी आज बंद करू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५८. आमवातासाठी, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी, गेले ५ महिने रोज सकाळी प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू आहे. सांध्यांची सूज उतरली, आई पुन्हा पोळ्या लाटायला लागली. पण चेहरा गोल झाला, सारखी भूक लागते, आणि आधी कधीच नसलेली साखर दुपारच्या जेवणानंतर २१० आली. मामा म्हणतात, 'ते स्टेरॉइड आहे, आधी बंद करा.' बंद करायचं का? आणि चालू ठेवायचं तर लक्ष कशावर ठेवायचं?

सगळ्यात आधी एवढंच सांगते: उद्या सकाळची गोळी चुकवू नका. गोळी कमी करायची आहे, बंदही व्हायला हवी, त्या बाबतीत मामांचं चुकलेलं नाही. पण ती एका दिवसात बंद करायची नसते.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या ॲड्रिनल ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल तयार करतात, साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. रक्तदाब टिकवणं, उपाशीपोटी साखर फार खाली जाऊ न देणं, ताप किंवा मार लागल्यावर शरीराला उभं ठेवणं ही त्याची कामं. बाहेरून गोळी यायला लागली की मेंदू ग्रंथींना हुकूम पाठवणं थांबवतो. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस असं चाललं की ग्रंथी सुस्तावतात, आणि त्यांना पुन्हा कामाला लागायला काही आठवडे, कधी कधी बरेच महिने लागतात. तुमच्या आईंचे ५ महिने झालेत. उद्या गोळी बंद केली तर बाहेरचं कॉर्टिसॉल नाही आणि घरचंही नाही, अशी गत होईल.

हे पुस्तकातलं वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगते. माझ्या एक पेशंट माऊली आळंदीहून वारीला निघाल्या. साठीच्या पुढच्या, दीड वर्ष १० मिलिग्रॅमवर. गोळ्या मोजून घेतल्या नव्हत्या, फलटणच्या मुक्कामाला पाकीट संपलं. 'चालतोय ना, पाय दुखत नाहीत, मग कशाला गोळी,' म्हणून त्या तशाच पुढे निघाल्या. वेळापूरपर्यंत उलट्या, पोटात दुखणं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. सगळ्यांना वाटलं ऊन लागलं, पाणी बाधलं. सलाईन लावलं तरी रक्तदाब वर येईना. सुदैवाने तिथल्या डॉक्टरांनी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारलं, हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच औषधी रूपाचं, इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळी बाई चहा मागत होत्या. त्यांना ना उन्हाने पाडलं होतं ना पाण्याने. पाडलं होतं चार दिवस न घेतलेल्या गोळीने.

असाच घोळ उपवासाचा. एकादशीला, नवरात्रात 'औषध चालत नाही' म्हणून गोळी न घेणाऱ्या बायका मला दर वर्षी भेटतात. गोळी दुधाबरोबर घ्या, राजगिऱ्याच्या लाडवाबरोबर घ्या, पण घ्या. माझ्या अनुभवात देवाने अजून कुणाचा उपवास यावरून मोडलेला नाही.

आता मुळात हे औषध का दिलं, ते पाहू. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन, म्हणजे याच जातीचं स्टेरॉइड, टोचलं. आठवडाभरात ती चालत खरेदीला बाहेर पडली. १९५० मध्ये हेंच आणि रसायनशास्त्रज्ञ केंडल व राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. आमवातावर रामबाण सापडला असं जगाला वाटलं. पण त्याच सुमारास गोल चेहरे, बिघडलेली मनःस्थिती आणि औषध थांबवल्यावर दुप्पट जोराने उसळणारा आजारही दिसू लागला. म्हणजे तुमच्या मामांची तक्रार पंचाहत्तर वर्षं जुनी आहे, आणि औषध तरीही टिकून आहे. कारण जिथे आग विझवायची घाई असते तिथे याच्या तोडीचं दुसरं फारसं काही नाही. दम्याचा जोराचा झटका, लहान मुलांचा नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं गळण्याचा आजार), पेम्फिगस या त्वचेच्या आजाराचे फोड, कुष्ठरोगातली रिॲक्शन, मेंदूच्या आवरणाचा क्षय या सगळ्यात ते लागतं. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचले, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. हे ज्या अभ्यासातून कळलं त्यातच ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काही फायदा दिसला नव्हता. तरी २०२१ मध्ये आपल्याकडे साध्या तापालाही ते वाटलं गेलं, आणि अनियंत्रित साखरेच्या जोडीने म्युकरमायकोसिसने काय केलं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे.

आमवातात मात्र स्टेरॉइडचं काम मर्यादित असतं. आजाराला मुळातून आवर घालणारं औषध मेथोट्रेक्सेट, पण त्याचा परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोपर्यंत रुग्णाने हातात कप धरता येत नाही म्हणून रडत बसायचं का? तेवढ्यापुरता हा पूल असतो. पूल ओलांडायचा, त्यावर घर बांधायचं नाही. तीनेक महिन्यांत तो कमी करत थांबवण्याचा प्रयत्न व्हायला हवा.

म्हणून तुमच्या प्रश्नाची मी थोडी फिरवाफिरव करते. 'स्टेरॉइड वाईट आहे का' हे विचारू नका. '५ महिने झाले तरी आईला १० मिलिग्रॅम का लागतंय' हे डॉक्टरांना विचारा. माझ्या ओपीडीत याची तीनच उत्तरं निघतात. एक, मेथोट्रेक्सेटचा डोस सुरुवातीला दिला तेवढाच राहिला, वाढवलाच नाही. दोन, मळमळतं म्हणून पेशंटने मेथोट्रेक्सेट गुपचूप सोडलं आणि सगळा भार स्टेरॉइडवर आला. तीन, दोन्ही औषधांनी आजार केव्हाच आवरलाय, पण पुन्हा दाखवायला कुणी गेलंच नाही आणि मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला. हे तिसरं उत्तर सगळ्यात जास्त वेळा निघतं. स्टेरॉइड हे चिठ्ठीशिवाय विकू नये अशा यादीतलं औषध आहे, पण एकच चिठ्ठी किती महिने चालते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

जाता जाता, पण अत्यंत महत्त्वाचं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. घरी पाकिटावर वार लिहून ठेवा. रोज घेतल्याने रक्तपेशी घटून, तोंड सोलवटून अतिदक्षता विभागात पोचलेले रुग्ण मी पाहिलेत. आईंच्या तब्येतीला स्टेरॉइडच्या गोळीपेक्षा ही चूक कितीतरी जास्त धोक्याची आहे.

आता साखर. इथे बहुतेक जण फसतात. सकाळी आठला घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारी आणि संध्याकाळी साखर चढवतं, रात्रभरात ती उतरते. त्यामुळे सकाळची उपाशीपोटी तपासणी अगदी शहाण्यासारखी ९५ येते आणि घरचे निर्धास्त होतात. तुम्ही जेवणानंतरची तपासलीत, हे उत्तम केलंत. आता ग्लुकोमीटर घ्या आणि दोन आठवडे, आठवड्यातून तीन-चार वेळा, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी आकडा लिहा. पुन्हा पुन्हा २०० च्या वर दिसला तर औषध लागेल, आणि ते दुपारची साखर पाहून निवडलेलं हवं. पुढे स्टेरॉइड कमी होताना साखरेचं औषधही कमी करावं लागतं, हे विसरू नका. नाहीतर तीन महिन्यांनी आईंना दरदरून घाम फुटेल, हातपाय थरथरतील आणि सगळे म्हणतील अशक्तपणा आलाय. काही जणांची साखर गोळी थांबल्यावर पूर्ववत होते, काहींची राहते. ज्यांची राहते त्यांच्यात ती आधीपासून दबा धरून बसलेली असते.

साखरेइतकीच काळजी मला हाडांची वाटते, कारण हाडं तक्रार करत नाहीत. स्टेरॉइडमुळे हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच, 'बरीच वर्षं घेतल्यावर' नव्हे. त्यात तुमच्या आईंचं वय ५८, पाळी गेलेली, आणि आमवात स्वतःही हाडं पोखरतो. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, अजून झाला नसेल तर या महिन्यात करून घ्या. आहार आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात गेलं पाहिजे. दूध, ताक, नाचणी, तीळ यांतून किती मिळतं ते पाहून उरलेलं गोळीने भरा. ड जीवनसत्त्वही लागतं. पण ६०,००० युनिटचं पाकीट दर आठवड्याला वर्षानुवर्षं घेणारे लोक आहेत, त्यांच्यातलं होऊ नका. ते ठरावीक आठवड्यांसाठी असतं. स्कॅनमध्ये धोका दिसला तर आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेटसारखी गोळी देतात. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजून निघते. आमच्याकडच्या बायका ती घेऊन देवपूजेला बसतात. उत्तम पद्धत आहे, अर्धा तास सहज जातो.

हाडाचंच दुसरं दुखणं म्हणजे खुब्याचा गोळा रक्त न मिळाल्याने मरणं. ते १० मिलिग्रॅमवर क्वचित, मोठ्या डोसवर जास्त दिसतं. पण लक्षण लक्षात ठेवा: जांघेत दुखणं, मांडी घालताना कळ येणं. एक्स-रे सुरुवातीला साफ येऊ शकतो, एमआरआय लागतो. 'आमवातच असेल' म्हणून त्यावर डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक घेत बसू नका.

डायक्लोफिनॅकवरून आठवलं. स्टेरॉइड दिलं की सोबत 'गॅसची गोळी' लिहायची आपल्याकडे रीत आहे. नुसत्या स्टेरॉइडबरोबर सगळ्यांनाच ती लागते असं नाही. पण स्टेरॉइडच्या जोडीला वेदनाशामक किंवा ॲस्पिरिन चालू असेल, किंवा पूर्वी अल्सर झाला असेल, तर ती नक्की लागते. या जोडीने पोटात रक्तस्राव होतो, आणि स्टेरॉइडमुळे पोट फारसं दुखतही नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जंतुसंसर्गाचंही असंच, सगळं दबून राहतं. ताप ९९ च्या आसपास घुटमळतो, आणि आत न्यूमोनिया पिकलेला असतो. आपल्याकडे क्षयाचा विचार कायम मनात ठेवावा लागतो. दोन आठवड्यांचा खोकला, रात्रीचा घाम, भूक वाढलेली असतानाही वजन उतरणं, यांपैकी काही दिसलं तर छातीचा एक्स-रे आणि थुंकी तपासणी. पुढे क्षयाची औषधं सुरू करायची वेळ आलीच तर रिफॅम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोन शरीरातून फार लवकर निघून जातं, डोस पुन्हा बसवावा लागतो. दोन वेगळे डॉक्टर बघत असतील तर दोघांनाही दोन्ही औषधांची नावं सांगा. फिटच्या काही औषधांनीही असंच होतं, आणि इट्राकोनॅझोलसारख्या बुरशीच्या औषधाने उलट, स्टेरॉइड साचून राहतं.

अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन पुरळ आलं तर ती नागीण. तिची शेपटी तोंडाला टेकते का याची वाट बघायची नाही आणि गेरूही लावायचा नाही. ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हायला हव्यात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी आईंना चालतात, घ्यायलाच हव्यात. नागिणीची जिवंत विषाणू नसलेली लसही आता भारतात मिळते. जिवंत विषाणूच्या लशी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

डोळ्यांत दोन गोष्टी होतात, मोतीबिंदू आणि काचबिंदू. काचबिंदू चाहूल देत नाही, म्हणून आता एकदा आणि पुढे गोळी चालूच राहिली तर सहा महिने ते वर्षाने डोळ्यांचा दाब मोजून घ्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. रक्तदाब आणि वजन घरी पंधरवड्याला बघा. पापड, लोणचं, फरसाण कमी केलंत तर दोन्हींना मदत होईल.

झोप आणि डोकं यांविषयी कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. माझे एक निवृत्त शिक्षक पेशंट मोठ्या डोसवर असताना रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासत बसायचे. घरच्यांना वाटलं, उत्साह आलाय. चिडचिड, अकारण रडू, भरमसाट उत्साह, क्वचित भलतेसलते संशय हे औषधाने होऊ शकतं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर एकदाच घ्यायची ती यासाठीही. संध्याकाळी घेतली की रात्र गेली.

नावांचा गोंधळ टाळा. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम म्हणजेच मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डिफ्लाझाकॉर्ट ६, डेक्सामेथासोन साधारण पाऊण मिलिग्रॅम. एका डॉक्टरांची वायसोलोन (प्रेडनिसोलोन) आणि दुसऱ्यांची मेड्रॉल (मिथाइलप्रेडनिसोलोन), असं दोन्ही घेणाऱ्या बाई मला भेटल्या आहेत. त्यांच्या मते त्या दोन वेगवेगळ्या आजारांच्या गोळ्या होत्या. आणि 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत चमत्कार झाला, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. खऱ्या वैद्याची चिठ्ठी असते, त्यावर औषधाचं नाव असतं.

आता कमी कसं करायचं. हे तुमच्या डॉक्टरांनी आईंचे सांधे दाबून बघून ठरवायचं, पण वाट साधारण अशी असते: १० वरून ७.५, तिथे दोन ते चार आठवडे, मग ५, पुन्हा तेवढाच मुक्काम. ५ पर्यंत बरेचसे जण सहज उतरतात. खरी कसरत त्याच्या खाली, कारण तिथून पुढे त्यांच्याच ग्रंथींना काम उचलायचं असतं. तिथे महिन्याला १ मिलिग्रॅम या चालीने उतरावं. १ मिलिग्रॅमची गोळी सगळीकडे मिळत नाही, तर एक दिवस ५ आणि एक दिवस २.५ असं चालतं. शंका असेल तर सकाळी आठ-नऊ वाजता, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी जाग्या झाल्या, ५ च्या खाली आलं तर अजून थांबायचं, मधलं आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं.

प्रत्येक पायरी उतरल्यावर दोन-चार दिवस अंग मोडून येतं, थकवा वाटतो, मन उदास होतं. लगेच 'आजार परत आला' म्हणून जुन्या डोसवर जाऊ नका. बोटांचे सांधे खरोखर सुजलेत का, सकाळचा आखडलेपणा तासभर टिकतो का, ते पाहा. तसं असेल तर आजार उसळलाय, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) तपासा आणि मेथोट्रेक्सेटचा विचार करा. नुसता थकवा असेल तर आठवडाभर धीर धरा. पण उलट्या, चक्कर, उभं राहवेना अशी स्थिती आली तर धीर धरायचा नाही, दवाखान्यात जायचं.

आजारपणातलं एक गणितही लिहून ठेवा. १० मिलिग्रॅम चालू असताना साधा ताप आला तर सहसा तेवढाच डोस पुरतो. ५ किंवा त्याखाली उतरल्यावर ताप आला तर डॉक्टर ते दिवस डोस दुप्पट करायला सांगतात. उलटीमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शनला पर्याय नाही. दात काढायचा असो की पित्ताशयाचं ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्टेरॉइडबद्दल सांगा. गोळी बंद होऊन वर्ष झालं नसेल तरी सांगा. आईंच्या पाकिटात एक चिठ्ठी असू द्या: 'मी प्रेडनिसोलोन घेते, अमुक डोस, अमुक तारखेपासून, अचानक बंद करू नये.' मराठीत लिहिली तरी चालेल, औषधाचं नाव तेवढं ठळक.

पुढच्या भेटीला जाताना ग्लुकोमीटरचे आकडे, रक्तदाबाची नोंद, मेथोट्रेक्सेट घेतलेल्या तारखा आणि सगळ्या औषधांची रिकामी पाकिटं एका पिशवीत न्या. त्यात मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामकांची पाकिटंही टाका, आई नको म्हणाल्या तरी.

चेहऱ्याबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंत की आई भाचीच्या साखरपुड्यात फोटोला उभ्याच राहिल्या नाहीत. तो गोलपणा सुजेचा नाही, मेद गालांवर सरकल्याचा आहे. म्हणून लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनी तो उतरत नाही, त्या कुणी सुचवल्या तर घेऊ नका. डोस ५ च्या आसपास आला की काही महिन्यांत चेहरा आपोआप मूळचा व्हायला लागतो. बहुतेकींच्या बाबतीत हा बदल आधी ब्लाऊजच्या बाह्यांना कळतो, आरशाला नंतर.